कंट्रोलर काकाजी

वऱ्हाडातल्या प्रत्येक गोतावळ्यात असा एक माणूस असतोच, की ज्याला कुणी काही विचारलेलं नसतं आणि तरी सगळ्यांच्या सहली तोच आखतो. शेगावला किती वाजता निघायचं, चिखलदऱ्याला डबा कुठं उघडायचा, सालबर्डीच्या यात्रेत चपला कुणाच्या ताब्यात द्यायच्या, यातलं काहीही त्याच्या मंजुरीशिवाय ठरत नाही. ठरलंच, तर तो त्यात अशी खोड काढतो की सहल पुढच्या रविवारवर जाते. लग्नाची वरात, अस्थिविसर्जन आणि मुलगी पाहायला जाणं या तिन्ही प्रसंगांकडे तो एकाच नजरेनं पाहतो: माणसं किती, निघायचं कधी आणि परतीची गाडी कोणती?

आमच्या मोर्शीत हे पद कंट्रोलर काकाजींकडे आहे. उभी नोकरी त्यांनी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खिशातली दोन पेनं, निळं आणि लाल, अजून उतरलेली नाहीत. निळ्यानं वेळापत्रक लिहायचं, लालनं उशीर नोंदवायचा. घरातसुद्धा चहा यायला वेळ लागला, तर ते ओट्यावरून आत पाहत विचारतात, "स्वयंपाकघर–ओटा फेरी अजून काऊन नाई सुटली?" काकू आतून उत्तर देतात, "गाडी नादुरुस्त हाये. ज्याले घाई आहे त्यानं पायी यावं."

काकाजींच्या नियोजनाची कीर्ती पसरली ती एका चिखलदऱ्याच्या सहलीनं. आळीतली सहा कुटुंबं आणि दोन क्रूझर जीपा. काकाजींनी कार्बन लावून प्रत्येक घराला वेळापत्रकाची प्रत दिली. त्यात "भीमकुंड: पाहणे, १० मिनिटे. थक्क होणे, ५ मिनिटे" अशी नोंद होती. कॉफीसाठी बारा मिनिटं होती. धुकं आलं तर काय करायचं, याचा वेगळा परिच्छेद होता. निघायच्या आधी सगळ्या आबालवृद्धांनी लघुशंकेला जाऊन यायचं होतं, 'आलेली असो वा नसो'. हा नियम पुढं आमच्या आळीत कायद्यासारखा रुजला. एवढं सगळं करून काकाजी स्वतः मात्र आले नाहीत. "कोनी तरी इथी पाह्यजे ना फोनवर," म्हणाले.

ते कुठंच येत नाहीत, हे पुढं हळूहळू आमच्या लक्षात आलं. कारण काकूंनीच एकदा सांगून टाकलं. हजारो गाड्या वेळेवर सोडणाऱ्या या माणसाला गाडी लागते. अमरावतीपर्यंत जायचं तरी खिशात आवळासुपारी आणि हातात लिंबू लागतं. चांदूर बाजारच्या रस्त्यावर तर ते एकदा वाटेतच उतरून गेले होते आणि परत मोर्शीला दुसऱ्याच्या दुचाकीवर आले होते. हे कळल्यावर आमचा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. प्रवास न करता प्रवासाची एवढी माहिती ठेवायला निष्ठा लागते.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलानं कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून फोनवर सांगितलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत तो बायको-लेकरांना घेऊन गाडीनं व्हँकुव्हरला जाणार आहे.

"बाबा, भाड्यानं गाडी घेतो अन् जरा फिरून येतो."

काकाजींनी नकाशावर बोट ठेवलं आणि ते सरकवत सरकवत पार दुसऱ्या टोकाला नेलं. साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास. नागपुरावरून जाणारा आपला चव्वेचाळीस नंबरचा महामार्ग श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळा धरला, तरी हे अंतर त्याहून जास्त भरतं. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. म्हणजे सातशे तीस-चाळीस टप्पे! काकाजींनी तिथल्या तिथं भाडं काढलं: मुलाचं पूर्ण, सूनबाईचं महिला सन्मान योजनेत अर्धं, नातू सहा वर्षांचा म्हणून अर्धं, नात तीन वर्षांची म्हणून फुकट. "चार मान्सं दोन तिकिटांत चालली," ते समाधानानं म्हणाले. कॅनडात एसटी नाही, ही अडचण त्यांनी गौण मानली.

त्याच संध्याकाळी लाल बांधणीचं नवं रजिस्टर आलं.

पहिला वाद भारमानावरून झाला. पाच आसनांच्या गाडीत चार माणसं म्हणजे ऐंशी टक्के. काकाजींना एक आसन रिकामं जाणं सहन होईना. "सोबतीले कोनी मराठी मानूस पाहून घे," असा त्यांनी आग्रह धरला. मग मुलानं लेकरांच्या खुर्च्यांची माहिती दिली. तिकडे आठ वर्षांचं होईपर्यंत लेकरू असं नुसतं गाडीत बसवता येत नाही. त्याच्या वजना-उंचीप्रमाणे वेगळी खुर्ची गाडीत बांधावी लागते आणि त्या खुर्चीला लेकरू बांधावं लागतं. काकाजी गप्प झाले. ज्या माणसानं महाशिवरात्रीला सालबर्डीच्या जादा गाड्या सोडल्या, त्याला एका लेकरानं एक आख्खी जागा अडवणं म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. "मांडीवर घ्या म्हनाव," एवढंच ते हळूच काकूंजवळ बोलले.

दुसरा वाद हद्दीचा.

"दुसऱ्या दिवशी मुक्काम कुठी?"

"थंडर बे, बाबा. जमलं तर."

"ते कोन्त्या राज्यात येते?"

"ऑन्टारिओ."

"अन् तुमी राहता ते?"

"ऑन्टारिओच."

"अबे, दोन दिवस गाडी हाकलली अन् अजून हद्द नाई ओलांडली?"

पुढची हद्द म्हणजे मॅनिटोबा, आणि तिथं पोचायला आणखी पाचशेच्या वर किलोमीटर होते. मोर्शीचा माणूस जेवण झाल्यावर सालबर्डीला जाऊन, मध्य प्रदेशात पाय टेकवून, दुपारच्या चहाला घरी असतो. त्याला हा देश पटणं अवघडच. शिवाय तो रस्ता लेक सुपीरियरच्या काठानं जातो, आणि त्या तळ्याचा विस्तार ब्याऐंशी हजार चौरस किलोमीटर! काकाजींनी हिशेब केला. अख्खा अमरावती जिल्हा त्यात सहा वेळा बुडून वर पाणी उरतं. सिंभोऱ्याचं धरण पाहून छाती फुगवणारी आमची मंडळी त्या दिवशी ओट्यावर जरा मवाळ बसली होती. मग कुणीतरी विचारलं, "तिकडं संत्री होते काय?" होत नाही, बाहेरून येते, असं कळल्यावर सगळे पुन्हा ताठ झाले. मोर्शीकराला कुठल्याही देशाची किंमत ठरवायला एवढा एक प्रश्न पुरतो.

काकाजी खरे रमले ते घड्याळात. पश्चिमेकडे जाताना या वाटेवर तीन वेळा घड्याळ तासभर मागं घ्यावं लागतं. म्हणजे गाडी एक तास उशिरा धावली, तरी हद्द ओलांडली की ती वेळेवर! एवढी वर्षं उशिराची लाल नोंद करणाऱ्या माणसाला ही सोय ऐकून भरून आलं. त्यातच सँडफर्ड फ्लेमिंग या कॅनडातल्या रेल्वे इंजिनिअरची गोष्ट मुलानं सांगितली. १८७६ साली आयर्लंडमधल्या एका स्टेशनावर त्याची गाडी चुकली, कारण छापील वेळापत्रकात सकाळच्या गाडीपुढं संध्याकाळ पडली होती. त्या रात्रभराच्या खोळंब्यानंतर त्यानं जगभरासाठी प्रमाणवेळेचा ध्यास घेतला. काकाजींनी ही गोष्ट आठवडाभर प्रत्येकाला सांगितली. शेवटी जगाचं भलं एका चुकलेल्या गाडीनं झालं, यापेक्षा ती चूक चौकशीच्या खिडकीवरची नव्हती, छापखान्याची होती, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं.

पश्चिमेकडच्या पर्वतांची काळजी त्यांनी फारशी केली नाही. त्या वाटेवरचा रॉजर्स पास चिखलदऱ्याहून दोन-अडीचशे मीटरच उंच निघाला. "हे तं आपल्या पोट्ट्यायचं रोजचंच," म्हणून त्यांनी पान उलटलं. तिथं हिवाळ्यात बर्फाच्या दरडी कोसळतात आणि त्या मुद्दाम तोफा डागून आधीच पाडतात, हे मी सांगून पाहिलं. पण प्रवास उन्हाळ्यातला असल्यानं तो मुद्दा 'लागू नाही' या रकान्यात गेला.

काकूंना या सगळ्यात एकच प्रश्न होता: लेकरं खातील काय? त्याच्या उत्तरादाखल कच्चा चिवडा, शंकरपाळे आणि तिखट शेवेचं पार्सल ब्रॅम्प्टनला रवाना झालं. मग कळलं, की बॅन्फच्या बाजूला मुक्काम केला तर खाण्याचं काहीही तंबूत ठेवता येत नाही. गाडीत नाहीतर लोखंडी पेटीत कुलूपबंद करावं लागतं. वासानं अस्वल येतं. काकू म्हणाल्या, "येऊ द्या ना. मेळघाटातले अस्वलं मोहाचे फुलं खातात, त्याच्यापेक्षा चिवडा बरा."

अखेर वेळापत्रक तयार झालं. मुलानं विचारलं, "बाबा, तुम्हीच या ना इकडं. सोबत जाऊ." काकाजींनी लिंबू नसलेला हात खिशात घातला आणि म्हणाले, "मी इथूनच कंट्रोल करतो."

ब्रॅम्प्टनची गाडी सकाळी सहाला सुटायची होती. मोर्शीत तेव्हा दुपारचे साडेतीन. काकाजी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. गाडी सुटली नऊ वाजून दहा मिनिटांनी. रजिस्टरातल्या 'उशिराचे कारण' या रकान्यात एरवी पंक्चर, पूर, मोर्चा, रेल्वे फाटक असले सभ्य शब्द असतात. काकाजींनी थोडा वेळ पेन हवेत धरलं आणि लिहिलं: 'एक मोजा सापडेना.'

लहान लेकरं असलेल्या घराच्या वेळापत्रकाचं काय होतं, हे खरं तर घराघरांत माहीत असतं. पण ते लाल शाईत कुणी लिहून ठेवत नाही. काकाजींनी ठेवलं. 'शी.' 'शी झाली नाही.' 'तळ्यात दगड टाकणे. दगड संपत नाहीत.' एका जागी तर त्यांना मोठा धक्का बसला. गाडी चाळीस मिनिटं आधी पोचली. दोन्ही लेकरं झोपली म्हणून आई-बापांनी ठरलेला थांबा गाळून गाडी तशीच पुढं हाणली होती. एसटीत उशीर माफ होतो, वेळेआधी गाडी काढणं होत नाही. त्यांनी मुलाला फोनवर झाडायला सुरुवात केली. सूनबाईनं फोन घेतला आणि कुजबुजत सांगितलं, "बाबा, हळू बोला, उठतील." काकाजी मोर्शीत ओट्यावर बसून कुजबुजत रागावले.

दुसऱ्या दिवशी वावा आलं. गाव लहान. साठ साली मोठा महामार्ग गावाला वळसा घालून निघतोय म्हटल्यावर, वाटसरूंनी आत यावं म्हणून गावकऱ्यांनी तिठ्यावर अठ्ठावीस फुटी हंस उभा केला. काकाजींना ही युक्ती फार आवडली. "आपल्या इकडं धाब्यावर गाडी थांबवाची तं ड्रायव्हर-कंडक्टरचं ताट वेगळं वाढा लागते. यायनं हंस वाढला," ते म्हणाले. पण वेळापत्रकात वावाला थांबा नव्हता. नातीनं हंसाखाली बैठक मारली आणि उठायचं नाव घेईना. व्हिडिओ कॉलवर आजोबांनी समजावलं, दरडावलं, शेवटी आगारातल्या आवाजात घोषणाही केली: "थंडर बेकडे जानारी गाडी लगेच सुटत आहे, प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्या." नातीनं फोनकडं पाहिलं आणि म्हणाली, "नाई." एवढा एक शब्द मात्र तिनं अस्सल मोर्शीचा उचलला होता. काकू खूश झाल्या. उशीर: दोन तास. कारण: 'हंस'.

सस्कॅचेवानबद्दल रजिस्टरात एकच शब्द आहे: 'गहू'. पुढं आल्बर्टात गाडीनं परस्पर मार्ग बदलला आणि ती ड्रमहेलरला गेली. तिथं सव्वीस मीटर उंच डायनासोर आहे आणि त्याच्या पोटातल्या जिन्यानं थेट जबड्यात जाऊन उभं राहता येतं. नातू जबड्यातून खाली यायला तयार होईना. तोवर काकाजींचा लाल पेनाचा हात बराच सैल झाला होता. 'कारण: डायनासोर. विलंब माफ,' असं त्यांनी लिहिलं. खाली सहीसुद्धा केली.

गाडी व्हँकुव्हरला पोचली ती वेळापत्रकाच्या तीन दिवस मागं. काकाजींनी समुद्राचा फोटो पाहिला, मान डोलावली आणि रजिस्टराचं पान उलटून विचारलं, "परतीची फेरी उद्या किती वाजता काढतं?"

"परत विमानानं येतोय, बाबा. गाडी इथंच देऊन टाकली त्या लोकांना."

"देऊन टाकली? अन् मंग ती ब्रॅम्प्टनले कोन आनते?"

"आणतील कुणीतरी. नाहीतर इकडंच चालेल."

ओट्यावर शांतता पसरली. गेलेली गाडी परत येत नाही, ही कल्पना एसटीच्या माणसाला झेपणारी नव्हती. मुक्कामी गाडीसुद्धा सकाळी परत येते. त्या रात्री काकाजी जेवले नाहीत, अशी काकूंची तक्रार होती. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर ते निळं पेन घेऊन बसले होते. व्हँकुव्हर ते ब्रॅम्प्टन, चालक एक, प्रवासी निरंक. घड्याळ आता उलट पुढं सरकवायचं असल्यानं तीन तास कुठून काढायचे, या विवंचनेत त्यांनी दोन मुक्काम कापले होते, जेवणाची सुट्टी अर्ध्यावर आणली होती आणि सस्कॅचेवान तर रात्रीच उरकायचं ठरवलं होतं. वावापुढं मात्र स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'थांबा, २ तास.'