स्वस्तात घर : नवशिक्यांसाठी पाठ पहिला

सुरुवात आजोबांच्या पलंगापासून करा. सागवानी आहे, चार माणसांशिवाय हलत नाही. भंगारवाल्याला किलोवर देऊन टाका. आलेल्या पैशांत भर घालून चकचकीत दिवाण आणा. आतून भुशाचा बोर्ड, वरून सागाच्या रेषांचा कागद. पहिल्या पावसाळ्यात ओल लागून खालची कड फुगेल. तिकडची बाजू भिंतीला लावा. बिजागरीचा स्क्रू निसटला की भोकात काडेपेटीची काडी कोंबून पुन्हा पिळा. तिसऱ्या खेपेला भोकच उरत नाही. तेव्हा नवा दिवाण घ्या, असाच. लेकीच्या लग्नात द्यायचा असेल तर सोन्याहून पिवळं : फुगेल सासरी, नाव निघेल माहेरचं.

प्लायवूडवर आयएसआयचा शिक्का आणि 303 की 710 हा आकडा बघू नका. दुकानदार तुम्हाला जाणकार समजेल आणि मग भावात सूट मिळायची नाही.

आता घर. काळ्या रानात पाया मुरूम लागेपर्यंत खणावा, असं म्हातारे गवंडी सांगतात. खोदाईचे पैसे त्यांना थोडेच द्यायचेत! गुडघाभर खणा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्याबरोबर भिंतही. दरसाल पुट्टी भरा. पुट्टीचा खर्च घराच्या हिशेबात धरायचा नसतो.

मुख्य नियम असा, की जे दिसत नाही ते आधी वाचवा. हा नियम जुना आहे. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांत भिंती चांगल्याच रुंद. दोन्ही अंगांना मोठे दगड, मधे मातीत बसवलेली भर. दोन्ही अंगांना बांधून धरणारा आरपार लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हता. त्यावर मातीचं जड माळवद. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे, किल्लारी-सास्तूर भागातल्या भूकंपात त्या भिंती फुटल्या आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो गेली. पुढे जी जुनी घरं मजबूत केली, त्यांच्या भिंतींना भोकं पाडून तोच आरपार दुवा घातला गेला.

आज न दिसणारी वस्तू म्हणजे स्लॅबने प्यालेलं पाणी. स्लॅबवर आळी करून किमान 7 दिवस, आपल्या उन्हात 10 दिवस पाणी कोंडावं लागतं. दोन दिवस पाइप फिरवून मिस्त्रीला मोकळं करा, असं लिहायला बसलो होतो. पण ज्याच्या दारात टँकरची वाट बघितली जाते, त्याने पाणी स्लॅबला घालावं की रांजणात? त्याला कंजूष कोण म्हणणार?

तेवढ्यापुरता हा पाठ बाजूला ठेवतो. स्लॅब एप्रिल-मेमध्ये टाकू नका. दिवाळीनंतर टाका, तेव्हा विहिरीला पाणी असतं.