खर्जाची पेटी आणि खालचा मजला
बेस गिटारसाठी स्पीकर कॅबिनेट, म्हणजे खर्जाचे स्पीकर बसवलेली लाकडी पेटी, निवडताना दिल्ली-नोएडाच्या वादकाची नजर हटकून दहा इंची आठ स्पीकरांच्या धिप्पाड पेटीवर खिळते. गिटारीच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा असून त्याची लहर 8 मीटरांहून लांब, म्हणजे बहुधा त्याच्या खोलीहूनही लांब असते, हा विचार पेटी जिन्यात अडकेपर्यंत त्याला शिवत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली असली, तरी मानवी कानाच्या संवेदनेनुसार ठरवलेला मोजणीतला ‘ए’ भारांक या स्वरातून सुमारे 34 डेसिबल वजा करतो. एवढे औदार्य खालच्या मजल्यावरच्या आंटीजींकडे नसते, आणि बारातीतल्या डीजेला त्याची गरजच भासत नाही.