परस्पर वाचायला दिलेला निबंध

परीक्षणासाठी आलेला अप्रकाशित शोधनिबंध संपादकांना न विचारता विद्यार्थ्याच्या हाती देणाऱ्या प्राध्यापकांनी १९७८ सालचं एक प्रकरण जरूर वाचावं.

हेलेना वॉक्सलिच-रॉडबार्ड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतली तरुण संशोधक. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांमध्ये इन्सुलिन पेशींना कसं चिकटतं, यावरचा तिचा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’कडे गेला. परीक्षक होते येलचे नामवंत फिलिप फेलिग. त्यांनी तो हाताखालच्या सहकाऱ्याला दिला आणि निबंध नाकारावा असा अभिप्राय धाडला. सहकारी त्याच विषयावर काम करत होता. त्याने तिच्या मजकुरातले उतारे उचलून स्वतःचा निबंध रचला, फेलिग सहलेखक झाले आणि तो दुसऱ्या नियतकालिकाकडे गेला. तिथून परीक्षणासाठी आला तो थेट रॉडबार्डच्या वरिष्ठांकडे. त्यांनी तो तिलाच वाचायला दिला. समोर तिचीच वाक्यं होती!

म्हणजे चोरी झाली ती निबंध खाली सरकवल्यामुळे, आणि पकडली गेली तीही त्यामुळेच. दोन्ही प्रयोगशाळांत हा रिवाज इतका मुरलेला होता. पण पकडली गेली म्हणून रिवाज चांगला ठरत नाही. रॉडबार्डने तक्रार केली, तर येलच्या अधिष्ठात्यांनी प्रकरण संपलं असं समजा म्हणून कळवलं. ती हटली नाही. अखेर फेब्रुवारी १९८० मध्ये बाहेरच्या तपासनीसाने नोंदी पाहिल्या, तेव्हा त्या सहकाऱ्याची आकडेवारीच बनावट निघाली. त्याला नोकरी सोडावी लागली, फेलिग यांनाही कोलंबियातलं नवं पद सोडावं लागलं.

आजही ‘जरा बघून दे रे’ म्हणत निबंध पीएचडीच्या मुलाकडे जातो. अभिप्राय तो लिहितो, सही सरांची. यात लेखकाचा विश्वासघात आहे आणि त्या मुलाच्या कष्टांची चोरीही. वास्तविक उपाय एका ईमेलचा आहे: संपादकांची परवानगी घ्या, विद्यार्थ्याचं नाव कळवा. बहुतेक नियतकालिकं खुशाल हो म्हणतात.

आता तर निबंध चॅटजीपीटीत टाकणारे परीक्षक निघालेत. तिथे टाकलेला मजकूर कुठे साठतो, कशासाठी वापरला जातो, हे टाकणाऱ्याला सांगता येणार नाही. रॉडबार्डच्याच त्या संस्थेने २०२३ मध्ये अनुदान-अर्जांच्या परीक्षणात अशा साधनांना बंदी घातली, ती योग्यच. आपल्या विद्यापीठांच्या नियतकालिकांनीही परीक्षकाला निबंध पाठवण्याआधीच हे दोन्ही प्रश्न लेखी विचारावेत: आणखी कोण वाचणार आहे, आणि कुठे टाकणार आहात? उत्तर येईपर्यंत निबंध पाठवू नये.