चालू मशीनची दुरुस्ती

स्टोरेज कंट्रोलर कार्डावरच्या राखीव बॅटरीचा बिघाड हा संगणकाच्या दुखण्यांतला सर्वांत सभ्य प्रकार आहे. मशीन सुरू होते, फायली उघडतात, डिस्कचे दिवे हिरवेच असतात. फक्त पूर्वी चहा संपेपर्यंत आटोपणारे काम आता जेवण करून आले तरी चाललेलेच दिसते. बिघाडाचे पहिले लक्षण म्हणून माहितीपुस्तिका मशीन सुरू होताना पडद्यावर येणाऱ्या सूचनेकडे बोट दाखवतात. ती सूचना सहसा कोणी वाचत नाही. तेव्हा पहिले लक्षण म्हणजे मालकाची तक्रार, असेच धरावे.

नमुन्यादाखल पुण्यातला लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक स्टुडिओ, त्यातले चार डिस्कचा रेड-5 संच असलेले टॉवर वर्कस्टेशन आणि ऐन लगीनसराई. पात्रे दोन : मालक आणि तंत्रज्ञ. मालकाचा पुतण्या प्रत्यक्ष हजर नसतो. त्याचे काम मात्र ठिकठिकाणी आढळते.

मालक : मशीन फार स्लो झालंय. नवीन विंडोज मारून द्या.

तंत्रज्ञ : कधीपासून स्लो आहे, काका?

मालक : दसऱ्यापासून.

तंत्रज्ञ : दसऱ्याला काही केलं होतं मशीनला?

मालक : पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. सगळं बाहेरून हं. आत काही गेलेलं नाही.

तंत्रज्ञ : सुरू होताना पडद्यावर काही इंग्रजी मजकूर येतो का?

मालक : येतो ना. काळ्यावर पांढरा. येतो आणि तिथेच थांबतो. मग पुतण्या एक बटण दाबतो, की जातो.

तंत्रज्ञ : काय लिहिलेलं असतं त्यात?

मालक : वाचत बसलं तर दाबणार कधी?

मजकुराचा मथितार्थ असा : बॅटरी जागेवर नाही, बिघडली आहे, तिची जोडणी निघाली आहे किंवा ती पूर्ण उतरली आहे, असेच पुढे गेल्यास कॅशेला बॅटरीचे संरक्षण मिळणार नाही, 30 मिनिटे चार्ज होऊ देऊनही सूचना येतच राहिली तर मदत मागावी. बऱ्याच कार्डांवर शेवटी आणखी एक वाक्य असते. कार्डाला मुळात बॅटरीच नसेल तर ‘डी’ दाबून ही सूचना कायमची बंद करता येते. ते वाक्य बॅटरी नसलेल्यांसाठी लिहिलेले आहे. त्याचा लाभ मुख्यतः बॅटरी असलेले घेतात.

मालक : बॅटरी? अहो, हा लॅपटॉप नाही. हे लाइटीवर चालतं.

तंत्रज्ञ : मशीनची नाही, कार्डाची बॅटरी. कार्डावर स्वतःची 512 एमबी मेमरी आहे, तिला कॅशे म्हणतात. तुम्ही सेव्ह केलंत की माहिती आधी तिथे जाते, कार्ड लगेच ‘झालं’ म्हणून सांगतं आणि डिस्कवर मागाहून लिहितं. हे राइट-बॅक.

मालक : म्हणजे खोटं बोलतं.

तंत्रज्ञ : आगाऊ बोलतं. हॉटेलातला वेटर ऑर्डर ऐकली रे ऐकली की ‘आलंच’ म्हणतो, आत अजून तवासुद्धा तापलेला नसतो. तसं.

मालक : मग यात बॅटरी कुठे आली?

तंत्रज्ञ : दहा टेबलांच्या ऑर्डरी डोक्यात असताना तो चक्कर येऊन पडला, तर शुद्धीवर आल्यावर त्या आठवल्या पाहिजेत. बॅटरी त्यासाठी. नवी असेल तर साधारण 48 ते 72 तास कॅशेतली माहिती जिवंत ठेवते.

मालक : आणि बॅटरीच गेली तर?

तंत्रज्ञ : मग तो डोक्यात काही ठेवतच नाही. एक ऑर्डर घ्यायची, आत जायचं, पदार्थ घेऊनच बाहेर यायचं, मग दुसरं टेबल. याला राइट-थ्रू म्हणतात.

मालक : म्हणजे मशीन स्लो नाही झालं. प्रामाणिक झालं.

मालकाचे हे निदान शास्त्राला धरून आहे. मंदपणा हा कार्डाचा बिघाड नव्हे, बिघाड ओळखून कार्डाने घेतलेली ती खबरदारी असते. रेड-5 मध्ये तिची किंमत जास्त पडते. रेडची कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी बर्कलेच्या विद्यापीठातून 1988 मध्ये मांडली, तेव्हाच लहान नोंदींची ही अडचण त्यांनी नोंदवली होती : जुनी माहिती वाचायची, जुनी पॅरिटी (एखादी डिस्क मेल्यास तिची माहिती परत काढून देणारा हिशेब) वाचायची, नवी माहिती लिहायची, नवी पॅरिटी लिहायची. एका नोंदीला चार फेऱ्या. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात, आणि कॅशे नसली तर प्रत्येक नोंदीला त्या फिरत्या तबकडीची वाट पाहावी लागते. विंडोज नव्याने मारल्याने तबकडी जलद फिरत नाही.

तपासणीला स्क्रूड्रायव्हरने सुरुवात करू नये. आधी बॅकअप.

मालक : बॅकअप आहे ना. रेड आहे की.

तंत्रज्ञ : रेड म्हणजे बॅकअप नाही, काका. एक डिस्क मेली तर रेड तुम्हाला तारतो. पण फाइल चुकून उडवलीत, तर ती चारही डिस्कवरून एकमताने उडते.

मालक : हे विकताना कोणी सांगितलं नव्हतं.

बॅकअप झाल्यावर कार्डाच्या व्यवस्थापन प्रोग्रॅममधून बॅटरीचा अहवाल काढतात. मेगारेड जातीच्या कार्डांवर त्यासाठी मेगासीएलआय किंवा स्टोरसीएलआय वापरतात. अहवाल लांबलचक असतो. कामाच्या ओळी चार-पाचच.

तंत्रज्ञ : हे बघा. ठरवलेलं धोरण, राइट-बॅक. सध्याचं धोरण, राइट-थ्रू.

मालक : ठरवलं कोणी आणि बदललं कोणी?

तंत्रज्ञ : ठरवलं मशीन बसवणाऱ्याने. बदललं कार्डाने.

मालक : मला न विचारता?

तंत्रज्ञ : रोज सकाळी विचारतं. पुतण्या बटण दाबतो.

मालक : थांबा, थांबा. ही ओळ वाचा. 98 टक्के! बॅटरी फुल आहे.

तंत्रज्ञ : 98 टक्के कशाचे, ते बघा. या बॅटरीची मूळ क्षमता 1,350 मिलिअँपिअर-तास. आज पूर्ण भरली तरी मावतात 410.

मालक : म्हणजे 410 चे 98 टक्के.

तंत्रज्ञ : बरोबर. तो सापेक्ष चार्ज. निरपेक्ष चार्ज खालच्या ओळीत आहे, 30 टक्के.

मालक : खरी गोष्ट पहिल्या ओळीत लिहायला यांचं काय जातं?

तंत्रज्ञ : आणि ही बघा, ‘बॅटरी बदलणे आवश्यक : होय.’

मालक : ते सगळेच लिहितात. गाडीच्या सर्व्हिसिंगवालापण लिहितो.

सापेक्ष चार्जचा आकडा पाहून बॅटरी धडधाकट ठरवणे ही या तपासणीतली नेहमीची चूक. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते, नुसती पडून राहिली तरी झिजते, आणि उष्णतेने सर्वांत वेगाने झिजते. म्हणून पाहायचे ते मूळ आणि आजच्या पूर्ण क्षमतेतले अंतर.

मालक : पण बॅटरी धड होती तेव्हाही महिन्यातून एखादा दिवस असंच व्हायचं. मग आपोआप बरं व्हायचं.

तंत्रज्ञ : ती तिची परीक्षा असते. लर्न सायकल.

क्षमता मोजण्यासाठी कार्ड बॅटरी पूर्ण भरते, मग मुद्दाम उतरवते आणि पुन्हा भरते. बऱ्याच कार्डांवर हे दर 30 दिवसांनी होते, काहींवर 90 दिवसांनी. याला काही तास लागतात आणि जुन्या धाटणीच्या कार्डांवर तेवढा वेळ राइट-बॅक बंद राहते. अहवालात लर्न सायकल चालू असल्याचे दिसले तर तो बिघाड नव्हे. ती संपू द्यावी.

मालक : परीक्षा नेमकी मुहूर्ताच्या दिवसांतच का येते?

तंत्रज्ञ : ती पंचांग बघत नाही. दिवस भरले की सुरू. या कार्डावर सात दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते.

मालक : सात दिवसांनीपण मुहूर्त आहे.

उरले तापमान आणि जोडणी. अहवालात बॅटरीचे तापमान 54 अंश सेल्सिअस दिसले. लिथियम-आयन पेशी साधारणपणे 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत असा दंडक आहे. रेडची कार्डे मुळात सर्व्हरमधल्या सोसाट्याच्या हवेसाठी घडवलेली असतात. अनेकांच्या माहितीपत्रकात मिनिटाला 200 फूट वेगाची हवा मागितलेली आढळते. टॉवरमध्ये अशा कार्डाच्या शेजारी तापलेले ग्राफिक्स कार्ड असते. या टॉवरमध्ये आणखीही काही होते.

तंत्रज्ञ : काका, पुढच्या जाळीवर हा हार अजून तसाच आहे.

मालक : दसऱ्याचा आहे. असा काढून टाकता येत नाही, विसर्जन करावं लागतं.

तंत्रज्ञ : हवा तिथूनच आत जाते.

मालक : झेंडूतूनपण जाते की थोडी.

हार उतरवला, जाळीवरची धूळ झाडली, कार्ड ग्राफिक्स कार्डापासून दूरच्या, तेवढ्याच रुंदीच्या स्लॉटमध्ये हलवले. बॅटरीची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. सैल जोडणी हे एकमेव फुकटात दुरुस्त होणारे कारण असल्यामुळे ते आधी तपासावे. मालकाचेही इथेच पूर्ण सहकार्य मिळते. तापमान उतरले. क्षमता 410 वरच राहिली, आणि बॅटरीचे पाकीट किंचित फुगलेले दिसले. निदान पक्के झाले. यापुढे दुरुस्ती लांबते ती तांत्रिक कारणांनी नव्हे.

मालक : पुतण्या म्हणतो, एक सेटिंग असतं. बॅटरी खराब असली तरी राइट-बॅक चालूच ठेवायचं.

तंत्रज्ञ : असतं.

मालक : मग ते करा की! बॅटरी कशाला?

तंत्रज्ञ : लाइट गेली की कॅशेत असेल ते गेलं.

मालक : 512 एमबी? तेवढं तर अक्षता टाकतानाचं फुटेज. अक्षता सगळ्या लग्नांत सारख्याच.

तंत्रज्ञ : फुटेज गेलं तर नशीब समजा. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे, त्याच्या नोंदी त्यात असल्या तर?

मालक : तर कोणतं लग्न जाईल?

तंत्रज्ञ : ते आधी सांगता येत नाही.

मालक : पण यूपीएस आहे ना आपल्याकडे. दर गुरुवारी लाइट जाते, एकदाही मशीन बंद पडलेलं नाही.

तंत्रज्ञ : यूपीएस महावितरणसाठी. मशीनचा पॉवर सप्लायच उडाला किंवा कोणाचा पाय वायरीत अडकला, तर यूपीएस चालू आणि मशीन बंद. शिवाय यूपीएसची बॅटरी कधी बदलली होती?

मालक : तिची तर कधी सूचनाच येत नाही.

तंत्रज्ञ : शिट्टी वाजत नाही?

मालक : वाजायची. पुतण्याने बंद केली.

जबरदस्तीने चालू ठेवलेल्या राइट-बॅकमध्ये मशीन पूर्ववत जलद होते, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. त्यात बिघाड दिसेनासा होतो, आणि नुकसान पुढे कधीतरी, भलत्याच माणसाच्या फाइलमध्ये निघते. चाचणीपुरते, बॅकअप हाताशी असताना, तंत्रज्ञ तो वापरतात. स्टुडिओ चालवण्यासाठी तो नाही.

बॅटरी आणण्याचे काम मालकाने स्वतःकडे घेतले.

मालक : ही घ्या. ओळखीतून मिळाली. सील फोडलेलं नाही.

तंत्रज्ञ : लावून अहवाल बघू. ही उत्पादनाची तारीख पाहिलीत? आत्ता काढली ती बॅटरी हिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होती.

मालक : पण ही वापरलेली नाही!

तंत्रज्ञ : पडून झिजली. चार्जिंगच्या फेऱ्या शून्य आणि क्षमता निम्मी.

खरोखर ताजी बॅटरी आल्यावरचे काम सोपे आहे. मशीन रीतसर बंद करावे, म्हणजे कॅशेतले सगळे डिस्कवर उतरते. मग मुख्य वायर काढावी. कॅशेत न लिहिलेली माहिती शिल्लक असेल तर काही कार्डांवर एक छोटा दिवा लुकलुकत राहतो. तो लुकलुकत असताना बॅटरीला हात लावू नये. कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज घालवावी आणि मगच कार्ड धरावे.

मालक : बसली? झालं?

तंत्रज्ञ : आता सुरू करू. सूचना येईल, घाबरू नका.

मालक : नवी बॅटरी टाकूनही तीच सूचना? मग पैसे कशाचे घेतले?

तंत्रज्ञ : आधी चार्ज तर होऊ द्या. अर्धा तास तर त्या सूचनेतच लिहिलाय. पूर्ण भरायला आणि एक लर्न सायकल व्हायला आजची रात्र जाईल. तोवर राइट-थ्रू.

मालक : म्हणजे आजची रात्र प्रामाणिकपणातच.

दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी पाहायच्या : लर्न सायकल यशस्वी झाल्याची नोंद, मूळ क्षमतेच्या जवळ पोहोचलेली पूर्ण क्षमता, आणि ‘सध्याचं धोरण’ या ओळीत परत आलेले राइट-बॅक. तिसरी ओळ आपोआप न बदलल्यास मधल्या काळात कोणी धोरणच बदलून ठेवले आहे का ते पाहावे. स्टुडिओत ते बदललेले होते. कोणी, हे विचारण्याची गरज पडली नाही.

मालक : दोन वर्षांनी परत हाच खर्च?

तंत्रज्ञ : दोन, तीन वर्षांनी. नको असेल तर नव्या जातीचं कार्ड घ्या. त्यात बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश असतं. लाइट गेली की कपॅसिटरमधल्या विजेवर कॅशेतलं सगळं फ्लॅशमध्ये उतरतं. मग मशीन महिनाभर बंद राहिलं तरी माहिती तिथेच.

मालक : हे उत्तम आहे. कितीला?

तंत्रज्ञाने आकडा सांगितला.

मालक : बॅटरीच बरी. आणि ती जुनी इकडे द्या, अडीअडचणीला होईल. 98 टक्के भरलेली आहे.

फुगलेली लिथियम-आयन बॅटरी अडीअडचणीला ठेवू नये. ती दाबू नये, टोचू नये, चपटी करू पाहू नये. आत आग धरणारे द्रावण असते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार टाकाऊ बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नसते, ती वेगळी ठेवून संकलनासाठी द्यायची असते. तिच्या जोडणीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि लवकरात लवकर केंद्रावर पोहोचवावी. तिथे चार्जची टक्केवारी विचारत नाहीत.