परदेशस्थ कब्जेदार

आमच्या नगर जिल्ह्यात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणण्याचा प्रघात आहे. आणि सातबाराच्या उताऱ्यांवर सह्या करण्यात ज्यांची उभी हयात खर्ची पडली, ते आमचे शेजारी भाऊसाहेब सेवानिवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात जलरंगांची पेटी घेऊन निसर्गचित्रकार झाले, तेव्हा आळीतल्या कोणास विशेष विस्मय वाटला नाही. कारण निवृत्त मनुष्य काही ना काही करणारच, आणि भजनी मंडळापेक्षा चित्रकलेचा आवाज कमी.

ज्या गृहस्थाने वर्षानुवर्षे पिकांची आणेवारी पन्नास पैशांच्या आत लिहिली, ज्याच्या सजात टँकरच्या गळत्या तोटीखेरीज वाहते पाणी क्वचितच दृष्टीस पडले, त्याच्या चित्रांत मात्र पाण्यावाचून दुसरे काही नसते. भंडारदऱ्याचा जलाशय, रंधा धबधबा, प्रवरेचा काठ! चांदबिबीच्या महालाचे, म्हणजे वास्तविक सलाबतखानाच्या कबरीचे, चित्र काढले तर त्या उजाड डोंगराच्या पायथ्याशीही एक तुडुंब तळे आढळून आले. मी पृच्छा केली, तेव्हा "पावसाळा धरला आहे," असा खुलासा मिळाला, त्यावर वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, त्यातलं थोडं आपल्या नळाला सोडा की."

पहिले चित्र त्यांनी गावातल्याच एका स्नेह्यास अर्पण केले होते. परंतु पुढल्या चैत्रात ते त्याच्या गच्चीवर, काचेसकट, पापडांच्या कापडावर वजन म्हणून ठेवलेले दिसले, आणि तेव्हापासून भाऊसाहेबांचे दातृत्व केवळ सातासमुद्रापलीकडे वाहू लागले. कोणाचे मूल अमेरिकेस निघाल्याची वार्ता शेजाऱ्यांपर्यंत येण्यापूर्वी ते गुंडाळी काखोटीस मारून त्या दारी हजर असतात, आणि तेवीस किलोंच्या बॅगेतून शेंगदाण्याची चटणी बाहेर निघून भंडारदरा आत जातो.

या उपक्रमास त्यांच्यापाशी भक्कम नजीर आहे. ज्याच्या सरकारने ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद यांना आमच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध केले, त्याच चर्चिलने पुढल्या जानेवारीत, नेहरू इकडे कोठडीत असताना, माराकेशला जाऊन कुतुबिया मशिदीचा मनोरा रंगविला आणि ते चित्र रूझवेल्टला नजर केले! "तोही हौशीच होता," भाऊसाहेब सांगतात. रूझवेल्टला ते नाकारण्याची सोय होती काय, हिटलर जिवंत असता मित्रराष्ट्रांत वितुष्ट कोण आणील, ही माझी शंका त्यांनी दप्तरी दाखल केली.

दप्तर हा शब्द मी लाक्षणिक अर्थाने वापरलेला नाही. प्रत्येक चित्राची नोंद गाव नमुना सहाच्या धर्तीवर आखलेल्या एका वहीत आहे: चित्राचा अनुक्रमांक, हस्तांतरणाचा प्रकार 'बक्षीस', कब्जेदाराचे नाव, मुक्काम टोरांटो. चित्र पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत हरकत न आल्यास नोंद मंजूर होते. त्यामुळे भिडेखातर गप्प राहिलेली माणसे कायमची कब्जेदार ठरतात, व दिवाळीस दुसरे चित्र पावतात. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तेव्हा चित्रांच्या पाठीवर डकविण्यासाठी त्यांनी यच्चयावत कब्जेदारांस दुरुस्तीच्या चिठ्ठ्या रवाना केल्या. किती डकविल्या गेल्या, याची तपासणी अद्याप प्रलंबित आहे.

परवा मिशिगनमधल्या त्यांच्या एका वर्गमित्राचा निरोप आला. त्याची गोरी शेजारीण चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि, आमचे सरोवर इतके हुबेहूब कोणी काढले, म्हणून सद्गदित झाली. मला वाटले, भाऊसाहेब खट्टू होतील. पण त्यांनी चष्मा पुसला, वही काढली आणि सावकाश लिहिले: भंडारदऱ्याचे नाव कमी करून लेक मिशिगनचे नाव दाखल केले, हरकत नाही. प्रश्न उरला तो पार्श्वभूमीस उभ्या असलेल्या, १,६४६ मीटर उंच कळसूबाईचा. ती त्यांनी पोटखराब्यात दाखविली.