होऊन जाईल ना भो!

नानांच्या दुकानाला पाटी नाही. ती रंगवायला टाकायची आहे, असं ते दुकान उघडल्यापासून सांगताहेत. मधल्या काळात रंगवणारा पेंटर फ्लेक्सच्या धंद्यात गेला आणि त्याचा मुलगा कॉलेजात. पाटीचा पत्रा मात्र कापून, घासून, प्रायमर मारून भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. नानांचं काम नेहमी इथपर्यंत येतं.

नाना लोखंडी पत्र्याचे कूलर बनवतात. भुसावळात या धंद्याला मरण नाही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि हवा अशी कोरडी, की दोरीवरचा टॉवेल चहा उकळेपर्यंत कडक होतो. अशा हवेत ओल्या गवतातून वारा ओढला की पाणी भराभर उडतं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. हाच कूलर मुंबईत लावला तर घरात नुसती दमट वाफ. म्हणजे गिऱ्हाईक दाराशी, हवा बाजूची आणि हातात कसब. नानांनी डांबर लावलेली टाकी बारा वर्षं गळत नाही. अडतं ते फक्त तारखेपाशी.

तारीख विचारली की नाना पान्हा खाली ठेवतात, कपाळावरचा घाम बाहीनं पुसतात आणि म्हणतात, “होऊन जाईल ना भो!” कधी, ते त्या वाक्यात नसतं. अगदीच खनपटीला बसलं तर ते गाडीची वेळ देतात. “संध्याकाळची महाराष्ट्र एक्स्प्रेस गेली की तुमचाच घेतो.” मग तुम्ही रात्री गेलात, की ते स्टेशनाच्या दिशेनं बोट दाखवतात, “आज लेट आहे.” जंक्शनच्या गावात हे कारण खोटंही म्हणता येत नाही.

त्यांचे वडील रेल्वेत होते. घरात घड्याळाचा इतका धाक, की ताटावर बसायचीसुद्धा वेळ ठरलेली. नानांनी तेव्हाच मनाशी घेतलं: नोकरी नको, कोणाची हाजी-हाजी नको, आपणच आपले साहेब. झाले साहेब. पण साहेब म्हणून नाना फारच मऊ निघाले. हाताखालच्या नानांनी दांडी मारली, तर साहेब-नाना कारणसुद्धा विचारत नाहीत.

आळशी मात्र म्हणू नका हं त्यांना. सकाळी साडेनवाला शटर वर, उदबत्ती, गल्ल्याला नमस्कार, बाहेर सडा. मग एखाद्याचा कूलर वेल्डिंगला घ्यायचा, तर त्यांना नेमका स्क्रूचा डबा आठवतो. पाऊण इंचाचे वेगळे, अर्ध्याचे वेगळे, गंजलेले वेगळे. दुपारपर्यंत ते राबतात, घामाघूम होतात. करायचं सोडून बाकी सगळं झालेलं असतं.

खरा घोळ हिवाळ्यात. डिसेंबर-जानेवारीत बॉड्या बनवून ठेवल्या, पंप-मोटरी आणून टाकल्या, तर एप्रिलमध्ये माणूस सावलीत बसून पैसे मोजेल. पण तेव्हाच बामणोदची वांगी बाजारात येतात. आज यावलच्या मळ्यात, उद्या सावद्याला मेव्हण्याकडे. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जाताहेत, बडगी-मुसळीनं भरीत ठेचलं जातंय, सोबत कळण्याची भाकरी. अशा वेळी पत्रा कापणारा माणूस मलाही आवडणार नाही.

त्या महिन्यांत विक्री शून्य, तरी जीएसटीचं कोरं रिटर्न 20 तारखेच्या आत भरावंच लागतं. नाहीतर दिवसाला 20 रुपये. आपण काहीच केलं नाही, एवढं सरकारला कळवायचं, तेही नानांच्यानं होत नाही. टॅक्सवाला फोन करतो. नाना म्हणतात, “होऊन जाईल ना भो!”

एका आखाजीला मात्र कमाल झाली. गल्लीतल्या काकूंची लेक पहिलं बाळ घेऊन माहेरी यायची होती. काकूंनी होळीलाच पैसे देऊन ठेवलेले. आदल्या संध्याकाळी काकू दुकानात आल्या, तर त्यांचा कूलर चार बाजूंपैकी तीन बाजूंचा. काकू काही बोलल्या नाहीत. नानांचं तोंड उतरलं. तासाभरात त्यांनी स्वतःच्या बेडरूमच्या खिडकीतला कूलर उतरवला, नवं गवत भरलं, हातगाडीवर घालून काकूंकडे बसवून दिला. बाळ गार झोपलं. नाना, वहिनी आणि दोन्ही पोरं गच्चीवर.

त्या रात्री गच्चीवर वहिनींनी विचार केला असणार. हा माणूस स्वतःच्या फायद्यासाठी हलत नाही, कोणी समोर येऊन उभं राहिलं की रात्रीचा दिवस करतो. मग समोर कोणीतरी ठेवावंच. दुसऱ्याच आठवड्यात दुकानात एक बाकडं आलं आणि त्यावर आले रिटायर्ड गार्डकाका. पगार दोन वेळचा चहा आणि फुकट पेपर. काम एकच: पेपरातून मान वर करून दर थोड्या वेळानं विचारायचं, “काय नाना, लाइन क्लिअर?”

आणि गाडी सुटली की! काका बघताहेत म्हटल्यावर नानांना स्क्रू निवडायची लाज वाटायला लागली. वेल्डिंग करता करता गप्पाही होतात. काका प्रत्येक बॉडीवर खडूनं तारीख घालतात, ती चुकली की तिच्याशेजारी “लेट” लिहितात आणि किती, तेही. पोरंटोरं येता-जाता वाचतात. गेल्या हिवाळ्यात भरताचं आमंत्रण आलं, तर नाना चक्क म्हणाले, “काकांना विचारून सांगतो.” काकांनी दोन बॉड्या उभ्या राहिल्यावर हिरवी झेंडी दिली आणि स्वतःही गेले.

माझा पंप परवा सांगितल्या दिवशी मिळाला. सवय नसल्यानं मी पैसेच नेले नव्हते.

निघताना कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक जुना कूलर दिसला. पंख्याचं पातं वाकलेलं, खडूची तारीखही नाही. हा कोणाचा, असं विचारल्यावर नाना कारण नसताना स्क्रूचा डबा शोधायला लागले. उत्तर बाकड्यावरून आलं. “माझा आहे. राहू द्या, काही घाई नाही,” पेपराचं पान उलटत गार्डकाका म्हणाले. “तो झाला, तर रोज इथं कशाला जाता म्हणून घरी विचारतील.”