आधी अमेरिकन हो, मग गावाला ये

न्यू जर्सीतला माझा धाकटा भाऊ तिथलं नागरिकत्व घ्यावं की नाही, या विचारात पडलाय. ग्रीन कार्डावर पाच वर्षं काढली की अर्ज करता येतो. त्याची ती कधीच उलटली. तरी रविवारी फोनवर कांद्याचा भाव विचारून झाला की हाच विषय. "दादा, काय करू?"

धास्ती आहे शपथेची. जुन्या देशाची निष्ठा सोडली, असं हात वर करून म्हणायचं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणजे पासपोर्टही परत. त्यात जन्मगाव आंबेगाव, जे डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव त्याचं, कचेरी घोडेगावात. "गावच बुडालंय, सोडतोस काय?" असं मी म्हटलं. त्याला ते लागलं.

खरी गंमत पुढेच आहे. निवृत्तीनंतर त्याला घोडेगावात येऊन दोन-दोन वर्षं निवांत राहायचंय. पण ग्रीन कार्डवाला वर्षाच्या वर बाहेर राहिला की कार्डावर गंडांतर. नागरिकाला ती भीती नाही. वर ओसीआय कार्ड काढलं की इथला आजन्म व्हिसा. थोडक्यात, गावाला पाय पसरून बसायचं तर आधी अमेरिकन व्हायचं!

राहता राहिली परका म्हणवून घेण्याची धास्ती. जुन्नरच्या लेण्यांत दोनेक हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे परदेशी माणसानं, पाण्याच्या दोन पोढ्या (टाकी) दान दिल्या, एवढाच मजकूर. इथल्या भिक्खूंची तहान भागवली, तरी नावामागे 'यवन' राहिलंच. त्यालाही त्यात कमीपणा वाटला नसावा. पैसे त्याचे होते, नको असतं तर कोरूच दिलं नसतं.

भावाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "इरिलचं ठीक आहे, आपल्या सातबाऱ्याचं काय?" वारसाची जमीन राहते. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण परदेशात राहतोय म्हणून ती आजही घेता येत नाहीच. म्हणजे जमिनीची अडचणही निघाली फुसकी.

जाणार ते मत. आजही पासपोर्ट घेऊन जातीनं आला तर त्याला इथं मतदान करता येतं. २०२४ ला आंबेगावची विधानसभा १,५२३ मतांनी ठरली, तेव्हापासून आमचे तात्या भावकीतलं एकेक मत मोजून ठेवतात. त्यांचा निरोप आलाय : "त्याला म्हणावं, पुढची विधानसभा होऊ दे, मग काय व्हायचं ते हो. विमानतळावर गाडी मी पाठवतो."